सोसायटीत बोहारीण, भंगारवाला बंद करणार आहेत : रविवारच्या सभेत काय बोलू?

शेजारीणबाई, मुलुंड पूर्व

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज जरा वेगळं विचारायचंय.

आमची सोसायटी जुनी, तीन विंग, ७२ बिऱ्हाडं. येत्या रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. (ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे दर वर्षी गणपती गेले की आमच्याकडे भांडणांचा मोसम.) विषयपत्रिकेवरचा सातवा विषय असा : 'फेरीवाले, बोहारणी, रद्दीवाले व भंगारवाले यांस आवारात प्रवेश बंद करणेबाबत.' निमित्त काय, तर जूनपासून दोनदा जिन्यातून बूट गेले. त्यातला एक जोड अध्यक्षांच्या जावयाचा होता, म्हणून विषय थेट पत्रिकेवर आला. नाहीतर बी विंगच्या टाकीची गळती तीन वर्षं 'आयत्या वेळचे विषय' मध्येच ठिबकतेय.

बदल्यात काय, तर ॲप. महिन्यातून एकदा गणवेशातला माणूस येणार, इलेक्ट्रॉनिक काट्यावर रद्दी-प्लास्टिक मोजणार, पैसे फोनवर. कपड्यांचं काय विचारलं तर म्हणाले, "गेटजवळ पेटी ठेवू, त्यात टाका, ते घेऊन जातात." कोण घेऊन जातं आणि त्याचं पुढे काय करतं, हे कमिटीलाही माहीत नाही.

मला विरोध करायचाय. पण माझा स्वभाव असा की उभी राहिले की तोंडून "बिचारीच्या पोटावर पाय कशाला" एवढंच निघतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "काकू, भावनिक होऊ नका." तर भावना सोडून बोलता येईल असं काही सांगा.

भावना आहे हे मात्र खरं, ते आधी सांगून टाकते. आमच्याकडे येणारी बोहारीण वीसेक वर्षं येतेय. त्याआधी तिची सासू यायची. मागच्या शनिवारी ह्यांचं कपाट काढलं. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, मुलगी म्हणत होती सरळ आश्रमात देऊन टाक. मला जमत नव्हतं. बोहारणीला हाक मारली, ती जिन्यात बसली, मी उंबऱ्यात.

तुम्ही कधी तिला शर्ट तपासताना नीट पाहिलंय का? आधी कॉलर उलटी करते. दाढीचे खुंट घासून तिथलं कापड विरतं, ते उजेडाकडे धरून बघते. मग काखेतली शिवण दोन बोटांनी ताणते. मग बटणं मोजते, एक कमी असलं तर शर्टाच्या आत खाली शिवलेलं जादा बटण आहे का तेही शोधते. (मला इतक्या वर्षांत ते तिथे असतं हेच माहीत नव्हतं.) एका शर्टाच्या खिशाच्या तळाशी निळा डाग होता. तिने डागावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "साहेब पेन उघडं ठेवायचे." डाग जाणार नाही, म्हणून तो शर्ट अर्ध्या मोलाचा. पँटी घेतल्या की चेन तीनदा वरखाली, आणि मग कमरेची शिवण उलटून आत किती माया (शिवणीतलं जास्तीचं कापड) ठेवलीय ते बघायचं. ह्यांच्या पँटी दादरच्या शिंप्याकडच्या, आत दोन बोटं माया. ती खूश झाली. "रेडिमेडला माया नसते ताई, शिवण सोडली की ह्या जाड्या माणसालाही होतील."

नऊ शर्ट, सहा पँटी, एक कोट आणि माझ्या दोन साड्या. पाऊण तास घासाघीस झाली. ती पाच लिटरचा स्टीलचा टोप द्यायला तयार, पण वर अजून एक साडी मागत होती. मी साडी दिली नाही, पिठाची चाळणी मात्र पदरात पाडून घेतली. टोपाचं झाकण तिच्या टोपलीत नव्हतं. म्हणाली, "पुढच्या शनिवारी आणते." हिशेब संपला.

आता पुढच्या शनिवारी ती येईपर्यंत ठीक. रविवारी ठराव झाला की सगळंच गेटाबाहेर. सुचवा काहीतरी.


नाइलाजाने सेक्रेटरी, ठाणे

काकू, तुमचा लेख आवडला, पण मी दुसऱ्या बाजूचा आहे. सात वर्षं सेक्रेटरी आहे, बिनपगारी शिव्या खातोय.

आमच्याकडेही असाच ठराव झाला आणि तो मीच मांडला होता. भंगारवाला वर जातो तेव्हा वॉचमन गेटवर असतो. वर काय होतं ते कुणाला दिसत नाही. आमच्या एका आजोबांकडून एकाने पितळी बंब 'जुनं पत्र्याचं आहे' सांगून दोनशे रुपयांत नेला. पितळ! बंबाचं नुसतं वजनच आठ-दहा किलो असेल. घरी एकटी असलेली म्हातारी माणसं, दुपारची वेळ, अनोळखी माणूस जिन्यात. उद्या काही झालं तर पोलीस पहिला प्रश्न मला विचारतील, "नोंद कुठे आहे?"

आणि काट्याबद्दल तर बोलायलाच नको. घरी दहा किलो भरलेली रद्दी त्याच्या काट्यावर आठ होते.

तेव्हा भावना बाजूला ठेवा म्हणणार नाही, पण ह्या दोन प्रश्नांना उत्तर घेऊन जा. सभेत हेच विचारतील.


काटापारडं, लालबाग

सेक्रेटरी साहेब, नमस्कार. मी रद्दीवाल्याचा मुलगा, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय.

वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला तेव्हा मी चौथीत. तो संप मिटला असं आम्हाला कधी कुणी येऊन सांगितलंच नाही. वर्षभर वाट बघून वडिलांनी लालबागला एका जिन्याखालची जागा भाड्याने घेतली आणि तराजू टांगला. आमची तीन भावंडांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, सगळं लोकांनी वाचून टाकलेल्या कागदावर झालं.

आधी काटा. होय, मारतात. वडीलही मारायचे, खोटं कशाला बोलू. हाताच्या तराजूत पारडं टेकायच्या आत उचलायचं, हा सगळ्यात सोपा प्रकार. हुकाच्या स्प्रिंगच्या काट्यात तर सुई मुळातच मागे बसवलेली असते. उपायही सोपा आहे : घरातली पाच किलोची न फोडलेली पिठाची पिशवी आधी त्याच्या काट्याला लावा. पाच दाखवलं तर पुढे बोला. सोसायटीने स्वतःचा एक काटा घेऊन गेटवर ठेवला तर प्रश्नच मिटला, फक्त त्याच्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे ना बघा. ॲपवाल्याच्या काट्यालाही पिठाची पिशवी लावून बघा हो. गणवेश बघून वजन वाढत नाही.

मात्र काटा मारायची वेळ का येते तेही ऐका. घरच्या माणसाला वाटतं रद्दी म्हणजे एक वस्तू. दुकानात ती सात-आठ वस्तू असते. इंग्रजी पेपरला मराठीपेक्षा किलोमागे रुपया-दीड रुपया जास्त, कारण पानं जास्त आणि पिशव्या करणाऱ्यांना अखंड ताव मिळतात. (मराठी अस्मितेचा प्रश्न दुसऱ्या धाग्यावर.) वह्यांचा पांढरा कागद वेगळा. पुठ्ठा वेगळा. गुळगुळीत मासिकं वेगळी. लग्नपत्रिका सगळ्यात टुकार, सोनेरी वर्ख आणि प्लास्टिकचा थर, लगदा करणारा हात लावत नाही. आई रात्री जेवणं झाली की ही वर्गवारी करायची, मांडीवर वर्तमानपत्र सपाट करत. पिनेची, तेल लागलेली, ओली पानं वेगळी. आमच्या चाळीतल्या आठ-दहा बायका तीच पानं नेऊन खळ लावून पिशव्या करायच्या. संपाच्या वर्षांत त्या खळीच्या वासाने आख्खा मजला भरलेला असायचा. उरलेलं सगळं गोडाऊनला, तिथून ट्रकने वापीच्या कागद गिरण्यांत.

मे-जून आला की रद्दीचं दुकान पुस्तकांचं व्हायचं. बालभारतीचे संच अर्ध्या किमतीत. वडील भूगोलाचं पुस्तक हातात आलं की आधी नकाशाची पानं बघायचे, कारण पोरं नेमकी तीच फाडतात. दर वर्षी ठरलेली मुलं यायची : आपला सातवीचा संच द्यायचा, आठवीचा न्यायचा, वर पाच-दहा रुपये. एक संच तीन-चार वर्षं आमच्याच गल्लीत फिरायचा. पहिल्या पानावर नावांची रांग. एकदा एका मुलाला त्याच्याच मोठ्या चुलतभावाचं पुस्तक मिळालं, समासात उत्तरं लिहिलेली, आणि ती सगळी चुकलेली. २०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा दुकान भावाकडे होतं. त्याने जमवलेले संच एका दिवसात किलोच्या भावाचे झाले. त्यानंतर त्याने पुस्तकं घेणं कमीच केलं.

जाड इंग्रजी पुस्तकं आम्ही तोलत नसू. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर बसणारा एक जण आठवड्याला येऊन ढिगावर उकिडवा बसायचा आणि काढायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मुखपृष्ठ, जाडी आणि कॉलेजचं नाव छापलेला शिक्का, ह्यावरून तो सांगायचा हे इंजिनीअरिंगचं, हे मेडिकलचं, ही आवृत्ती जुनी झाली. चुकलेला मी पाहिला नाही.

ताई, तुमच्या बोहारणीने कॉलर बघितली ना, मुद्दा तोच आहे. सभेत तेवढंच सांगा. वस्तू आपल्या दारात कोरडी आणि अख्खी असते तेव्हाच तिला मोल असतं. ती बघणारी नजर दारापर्यंत आली तर शर्ट हा शर्ट राहतो. पेटीत कोंबला, वरून कुणी ओली छत्री टाकली, की रात्रीतून ते फडकं. पेपरचंही तेच. एकदा चहाची पूड पडली की गिरणीही घेत नाही.

बुटांचं : अध्यक्षांच्या जावयाला शुक्रवारी पहाटे कामाठीपुऱ्याजवळ डेढ गल्लीत पाठवा. उजाडायच्या आत तिथे जुन्या चपला-बुटांचा बाजार भरतो, कदाचित भेट होईल. गंमत सोडा, पण तिथले बहुतेक जोड टाकून दिलेले, नवा तळ मारून पॉलिश केलेले असतात. आणि वीस वर्षं त्याच जिन्यात येणारी बाई बूट उचलून पुढच्या शनिवारी परत कशी येईल, एवढं तरी कमिटीने डोक्यात घ्यावं.


शेजारीणबाई

काटापारडं, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

सेक्रेटरींच्या प्रश्नांवर दोन दिवस विचार केला. आणि आज एक गोष्ट केली जी वीस वर्षांत केली नव्हती. भाजी आणायला गेले तर बोहारीण स्टेशनजवळ चहा पीत बसलेली दिसली. शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "तू त्या कपड्यांचं करतेस काय गं?"

ती आधी हसली. तिला वाटलं मी कोटाचे जास्त पैसे मागायला आलेय.

तर ऐका. घरी गेल्यावर तीन ढीग पडतात. पहिला, धुऊन इस्त्री करून सरळ विकता येईल असा. दुसरा, काहीतरी दुरुस्ती लागणारा : चेन, बटण, रफू, कधी कॉलर उसवून उलटी करून पुन्हा शिवायची. हे तिची नणंद करते, मशीन तिच्याकडे आहे. तिसरा ढीग चिंधीचा. सुती असेल तर गॅरेजवाले आणि छापखानेवाले मशिनं पुसायला नेतात, सुती चिंधी तेल पिते म्हणून. टेरिकॉट, पॉलिएस्टर पुसायलाही चालत नाही, त्याला भाव नाही. पहिल्या दोन ढिगांचे कपडे पहाटेच्या बाजारात जातात. तिथे सगळ्यात आधी पुरुषांच्या पँटी संपतात. घेणारे कोण, तर नाक्यावर उभे राहणारे मजूर, नवा आलेला वॉचमन, हॉटेलातली पोरं. "तुमच्या वॉचमनची पँट कुठून येते वाटतं तुम्हाला?" असं तिनेच मला विचारलं. साड्या हल्ली पडून राहतात, नेसणाऱ्याच कमी झाल्या. पूर्वी खऱ्या जरीची साडी मिळाली तर दिवाळी, जर जाळून चांदी काढणारे रोख पैसे द्यायचे. आताच्या जरीत जाळायला काही नाही.

आणि कोट? "कोट बँडवाल्याला." ह्यांचा कोट, जो आमच्या लग्नानंतर ह्यांनी मोजून चार वेळा घातला, तो आता दर मुहूर्ताला घोड्यापुढे नाचणार. ह्यांना ते आवडलं असतं असं मला उगाचच वाटतंय.

पूर्वी तिच्या ठरलेल्या रस्त्यावर चौदा सोसायट्या होत्या. आता पाच उरल्यात. बाकीच्यांनी गेट लावली. जिथे आत सोडत नाहीत तिथे ती बाहेर उभी राहून हाक मारते, पण बाविसाव्या मजल्यावर हाक जात नाही.

प्रश्न अजून आहे : कायद्याने असं बंद करता येतं का? कुणी जाणकार?


ओला सुका, घाटकोपर

आवारात कुणाला सोडायचं हे सोसायटी ठरवू शकते, त्यावर फार वाद घालू नका, हराल. पण कचऱ्याच्या बाजूने बोललात तर जिंकाल. मी गेली काही वर्षं सोसायट्यांत खतनिर्मिती बसवून देते, म्हणून लिहितेय.

घनकचऱ्याचे केंद्राचे नियम काढा. त्यात घरोघरी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी रहिवाशांवर टाकलीय आणि कचरावेचक, भंगार गोळा करणारे अशा असंघटित लोकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला पालिकांना सांगितलंय. म्हणजे सरकारी कागद ज्यांना आत घ्या म्हणतो त्यांना तुमची कमिटी बाहेर काढतेय. वाक्य असंच म्हणा, सभेत चालतं.

दुसरं म्हणजे तुम्ही मुलुंड पूर्वेच्या. तुम्हाला कचऱ्याच्या डम्पिंगवर मी काय सांगू? २०१८ मध्ये ते बंद होईपर्यंत तुमच्याकडे पाहुणे आले की आधी खिडक्या लावायच्या. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना आठवण करून द्या, म्हणजे पुरे. मुलुंड बंद झालं म्हणून कचरा बंद झाला नाही, तो कांजूरच्या डम्पिंगला जातो. देवनार तर १९२७ पासून भरतंय, २०१६ च्या जानेवारीत पेटलं तेव्हा धूर कित्येक दिवस शहरभर होता. त्या डोंगरात नुसती भाजीची देठं नाहीत. कपडे आहेत, गाद्या आहेत, चपला आहेत.

सेक्रेटरींच्या नोंदीच्या मुद्द्यावर : ओळखपत्र द्या. फोटो, फोन नंबर, आधारची प्रत, सोसायटीचा शिक्का. ठरलेले दोन-तीनच लोक, ठरलेला वार, ठरलेले दोन तास, आणि जागा जिन्यात नाही तर खाली. आमच्या भागात दोन सोसायट्यांनी असं केलंय, भांडणं थांबली. स्त्री मुक्ती संघटनेचं 'परिसर विकास'चं काम नव्वदच्या दशकापासून मुंबईत चालू आहे, कचरावेचक बायकांना ओळखपत्र आणि प्रशिक्षण देऊन सोसायट्यांशी जोडून देतात. त्यांच्याशी बोलून बघा.

ॲपबद्दल माझं वाईट मत नाही. पुठ्ठा, प्लास्टिक, लोखंड ते नीट नेतात. पण थोड्याशा मालासाठी सहसा येत नाहीत, आणि कळकट कढई, एक चाक मोडलेली बाबागाडी, तुटक्या दांड्याची छत्री ह्यांचं त्यांच्याकडे खातंच नसतं.


गिरगावी (सध्या विरार)

अवांतर, पण राहवत नाही.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा बिल्डरने सामान हलवायला महिना दिला. चाळ शंभर वर्षांच्या पुढची, तुळया, खांब, जिन्याचे कठडे सगळं बर्मा सागवान. आम्हाला वाटलं लाकूड म्हणजे जळण. पाडायचं कंत्राट घेणाऱ्याने मात्र कंत्राटाचा भाव त्या लाकडावरच ठरवला होता, हे नंतर कळलं. एकेक तुळई दोरीने खाली उतरवत होते, बाळाला उतरवावं तशी. खिळे काढायला दोन माणसं वेगळी. खिळा राहिला तर करवतीचं पातं जातं, म्हणून बोटांनी चाचपून बघायचे.

दोन वर्षांनी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मुलीसाठी कपाट बघायला गेलो तर एका दुकानात जुना दरवाजा आडवा करून वर काच बसवलेलं जेवणाचं टेबल. किंमत ऐकून मी काचेवरचा हात काढला. दरवाजा आमचाच होता असं म्हणत नाही, पण कडीच्या जागी घासून झालेला अर्धगोल खड्डा अगदी तसाच होता.

सेक्रेटरी साहेबांचा पितळी बंब वाचून हेच आठवलं. आपल्याला आपल्या वस्तूची किंमत माहीत नसते आणि घेणाऱ्याला असते, ह्याला चोरी म्हणायचं का? मला तरी उत्तर सापडलेलं नाही.


थ्रिफ्टवाली, अंधेरी

आजी-काका लोक, एक गंमत सांगू? माझ्या कॉलेजात अर्ध्या मुली इन्स्टावरून 'थ्रिफ्ट' करतात, म्हणजे जुने कपडेच विकत घेतात. मीही विकते. दुसऱ्याचा वापरलेला शर्ट साडेतीनशेला, वर पाठवणी वेगळी. माझी आई हाच शर्ट बोहारणीला चार देऊन एक टब घेते. आईला मी हा धागा दाखवला, तिने फक्त "बघ" म्हटलं.

काकू, मला बोहारणीचा नंबर मिळेल का? खरंच विचारतेय. दुसऱ्या ढिगातले कपडे मी घेईन.


नाइलाजाने सेक्रेटरी

गिरगावी, मुद्दा मान्य नाही, पण दरवाजाचा किस्सा डोक्यातून जात नाहीये.

ओळखपत्राची सूचना चांगली आहे. आमच्या कमिटीत मांडून बघतो. काटा विकत घ्यायला मात्र कोणी पैसे मंजूर करणार नाही, लिहून ठेवा.


शेजारीणबाई

सभा झाली. ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी वृत्तांत.

सातवा विषय रात्री सव्वादहाला आला, तोवर निम्मे लोक जेवायला गेले होते. (टाकीच्या गळतीवर दीड तास.) मी उभी राहिले. कागदावर सगळं लिहून नेलं होतं : घनकचऱ्याचे नियम, कांजूर, ओळखपत्र, पिठाची पिशवी. निम्मं वाचलं आणि मधेच कॉलरची गोष्ट सांगत बसले. कुणी 'भावनिक' म्हणालं नाही. सी विंगमधले एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्या गावाकडच्या पँटीत अजून माया असते. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, टोप कितवा गेजचा आहे? मग सगळे टोपावर बोलायला लागले.

ठराव पूर्ण पासही झाला नाही आणि पडलाही नाही. फेरीवाले बंद. ॲपवाला महिन्यातून एकदा येणार. रद्दीवाला आणि बोहारीण ह्यांचं 'ओळखपत्र देण्याबाबत कमिटीने अभ्यास करावा.' कमिटी अभ्यास कसा करते ते टाकीला विचारा. तोपर्यंत वॉचमनला तोंडी सूचना : आत सोडायचं नाही. अध्यक्षांच्या सौ. खाली उतरताना माझ्या कानाला लागल्या, "अहो, तिला माझ्याकडे पण पाठवा, जावयाचे तीन सूट आहेत." मी म्हटलं, बँडवाल्याला देणार आहात का? त्यांना कळलं नाही.

आणि टोपाच्या झाकणाचं काय झालं, तेही सांगते. सभेच्या आदल्या शनिवारी ती आलीच नाही, नणंदेला ताप होता. काल, म्हणजे ठरावानंतरच्या पहिल्या शनिवारी, मी बाराला खाली गेले तर वॉचमन खुर्चीवरून उठला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. सकाळीच ठेवून गेली होती, आत सोडलं नाही म्हणून.

झाकण टोपाला थोडं मोठं होतंय. पुढच्या शनिवारी गेटाबाहेर उभी राहून बदलून घेईन.

थ्रिफ्टवाली, बोहारणीचा नंबर तिला विचारून तुला व्यनि (खासगी निरोप) करते. ती हो म्हणाली तरच.